झेनॉन लॅम्पची वॉरंटी : निपाणीच्या एका चित्रपटगृहातील प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

काल रात्रीच्या खेळात, मध्यंतर संपून दहा-बारा मिनिटे झाली असतील, तोच केबिनमधून सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज आला आणि पडदा काळा झाला. प्रोजेक्टरमधला तीन किलोवॅटचा झेनॉन लॅम्प लॅम्पहाउसमध्येच फुटला होता. ऑपरेटर मामांनी मुख्य स्विच लगेच बंद केला आणि लॅम्पहाउसचे दार मिटलेले असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत देऊन आम्ही साडेअकराच्या सुमारास कुलूप लावले.

आज सकाळी दार उघडले तेव्हा क्वार्ट्झ काचेचा चुरा झालेला दिसला आणि रिफ्लेक्टरला, म्हणजे लॅम्पचा प्रकाश पुढे फेकणाऱ्या आरशाला, खालच्या बाजूने वीतभर तडा गेलेला आढळला. अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, पहिला प्रश्न केला तो असा : “गॅरंटी आहे ना त्याची?” मी बिलांची फाइल काढली. बिलावर “वॉरंटी १,५०० तास” एवढेच छापलेले होते, आणि त्यासोबत आलेले चार पानी इंग्रजी पत्रक आमच्यापैकी कोणीही आजवर उघडून वाचलेले नव्हते, ही गोष्ट येथे स्पष्टपणे नोंदवून ठेवते. चित्रपटगृहाचे हिशेब गेली सहा वर्षे मी पाहते, त्यामुळे हे पत्रक वाचण्याची जबाबदारी माझीच होती.

आजपासून या नोंदी ठेवायच्या असे ठरवले आहे. या लॅम्पच्या वॉरंटीचा दावा रीतसर दाखल करणे हे पहिले काम आहे. त्या पत्रकातील अटी केबिनमध्ये काम करणाऱ्याला समजतील अशा मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून भिंतीवर लावणे हे दुसरे. मामांना इंग्रजी वाचता येत नाही आणि त्यांच्या हाताखालचा मुलगा कन्नड शाळेत शिकलेला आहे. ज्या दोघांच्या हातात रोज लॅम्प असतो त्यांनाच त्याच्या अटी ठाऊक नसाव्यात, ही सीमाभागातल्या आमच्यासारख्या चित्रपटगृहांची जुनी अडचण आहे.

एक गोष्ट थोडक्यात बचावली. सफाईला येणाऱ्या मावशींनी काचेचा चुरा सुपात भरून कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. पत्रकाच्या तिसऱ्या पानावर “लॅम्पचे सर्व अवशेष परत पाठवणे आवश्यक” असे वाक्य दिसताच मी डबा मागवून घेतला. जाड हातमोजे घालून मामांनी त्यातून दोन्ही टोके, दोन्ही इलेक्ट्रोड आणि अनुक्रमांक कोरलेली धातूची टोपी वेगळी काढली.

४ जून २०२४

आज पत्रक दोनदा पूर्ण वाचले. त्यातून जे समजले ते सविस्तर लिहिते, कारण इथेच माझा आजवरचा सगळा समज चुकीचा निघाला.

“१,५०० तास” याचा अर्थ मी “एवढे तास लॅम्प चालणार, त्याआधी गेला तर नवा मिळणार” असा घेत आले होते. पत्रकानुसार हे तास म्हणजे किंमत वाटून घेण्याचे माप आहे. लॅम्प त्या तासांच्या आत, कारखान्यातील दोषामुळे, बंद पडला तर वापरून झालेल्या तासांचे पैसे आपल्याकडे लागतात आणि उरलेल्या तासांच्या प्रमाणात जमा रक्कम मिळते. ती रक्कमही रोख मिळत नाही. त्याच प्रकारच्या पुढच्या लॅम्पच्या किमतीतून ती वजा होते. आमचा लॅम्प ६०,००० रुपयांचा होता. तो ९३६ तास चालला असेल तर ५६४ तास उरतात, म्हणजे ३७.६ टक्के, आणि त्या हिशेबाने २२,५६० रुपये जमा व्हायला हवेत. अण्णांना वाटत होते तसा नवा लॅम्प फुकट मिळणार नाही.

दुसरे असे की, तासांबरोबर कालमर्यादाही आहे. बिलाच्या तारखेपासून दोन वर्षे उलटली की लॅम्प पेटीतून बाहेर काढलेला नसला तरी वॉरंटी संपते. म्हणून स्वस्त मिळतो म्हणून दोन-तीन लॅम्प एकदम घेऊन ठेवण्याची पद्धत फायद्याची नाही.

तिसरी बाब रिफ्लेक्टरची. लॅम्प फुटल्यामुळे इतर भागांचे जे नुकसान होते ते आमच्या पत्रकात वॉरंटीबाहेर ठेवलेले आहे. रिफ्लेक्टरचा खर्च लॅम्पच्या तोडीचाच आहे, त्यामुळे खरा फटका तिथे बसणार. सगळीच पत्रके याबाबतीत सारखी नसतात. काही कंपन्या वॉरंटीच्या तासांच्या आत लॅम्प फुटल्यास रिफ्लेक्टरचीही जबाबदारी घेतात. पुढचा लॅम्प घेताना किमतीच्या आधी हे वाक्य शोधायचे आहे.

६ जून २०२४

दाव्याचा अर्ज मागवला. त्यात लॅम्पचा अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, बसवताना व बंद पडताना तास-मापकावरचा आकडा, लॅम्प किती वेळा पेटवला त्याची मोजणी, चालू विद्युतप्रवाह किती ठेवला होता, शेवटची देखभाल कधी झाली आणि फुटण्यापूर्वी पडद्यावर काही लक्षण दिसले होते का, असे रकाने आहेत. पहिल्या दोन रकान्यांनंतर माझे पेन थांबले.

आमच्या प्रोजेक्टरच्या मापकावर २,२७६ तास दिसत आहेत. नवा लॅम्प बसवल्यावर मापक शून्यावर आणायचा असतो, तो जानेवारीत आणलाच गेला नव्हता. म्हणजे कागदोपत्री आमचा लॅम्प वॉरंटीच्या तासांपेक्षा ७७६ तास जास्त चाललेला दिसतो आणि दावा वाचण्याआधीच फेटाळला जाऊ शकतो. दुपारभर मी रोजच्या खेळांच्या नोंदींवरून तास मोजत बसले. पण खेळांची बेरीज ८७१ भरली, कारण खेळापूर्वीचा आणि जाहिरातींचा वेळ त्या वहीत धरलेलाच नसतो.

संध्याकाळी मामा म्हणाले, “ताई, मी फोटो काढला होता बघा.” त्यांच्या फोनमध्ये १८ जानेवारीचा फोटो निघाला : चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा, अंगात कातडी जाकीट, हातात नवा लॅम्प, आणि मागे प्रोजेक्टरच्या तास-मापकावर १,३४० हा आकडा स्वच्छ वाचता येतो. मुलाला दाखवायला म्हणून काढलेला तो फोटो आता आमचा मुख्य पुरावा आहे. २,२७६ वजा १,३४०, म्हणजे ९३६. मूळ फोटो तारखेसह संगणकावर उतरवून घेतला आणि त्याची एक छापील प्रत अर्जाला जोडली.

७ जून २०२४

पेटवण्याची मोजणी ७९० निघाली. ९३६ तासांत ७९० वेळा, म्हणजे दर पेटवणीमागे लॅम्प सरासरी सव्वा तासही चाललेला नाही. कारण विचारले तेव्हा कळले की मामा प्रत्येक मध्यंतरात लॅम्प बंद करतात. ही सवय कार्बनच्या दिवसांतली आहे. त्या काळी दोन कार्बन कांड्यांमध्ये आर्क, म्हणजे विजेची प्रखर सलग ठिणगी, पेटवायचा, कांड्या जळत जातील तशा पुढे सरकवायच्या आणि मध्यंतरात विझवायच्या. न विझवणे म्हणजे कांडी फुकट जाळणे. कांडी डोळ्यांसमोर झिजत असे, त्यामुळे तिच्या वॉरंटीचा प्रश्नच कोणाच्या मनात येत नसे.

झेनॉनचे गणित वेगळे आहे. लॅम्पमध्ये थंड असतानाही वातावरणाच्या आठ-दहा पट दाबाने वायू भरलेला असतो, आणि चालू असताना तो दाब साधारण तिप्पट होतो. पेटवताना इग्निटर हजारो व्होल्टचा झटका देतो व आर्क एकदा जुळला की रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारे यंत्र) पंचवीस-तीस व्होल्टवर शंभर ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह पुरवत राहतो. त्या पहिल्या क्षणी ऋण इलेक्ट्रोडच्या टोकावरचा टंगस्टन थोडा उडतो आणि काचेच्या आत काळपट थर होऊन बसतो. थर वाढला की प्रकाश कमी होतो, काच जास्त उष्णता शोषते आणि कमकुवत होते. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात लॅम्प बंद ठेवून पाऊण युनिट वीज वाचते, आणि तेवढ्यासाठी साठ हजारांच्या वस्तूला एक जादा झटका बसतो. हे मामांना समजावताना मी अर्ध्या तासात दोन चहा प्याले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग हे आम्हाला बसवायच्या दिवशी का नाही सांगितलं कोणी?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पत्रकात वारंवार चालू-बंद करण्याविषयी सल्ला आहे, अट नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. “टाळावे” असे लिहिलेले आणि “तसे केल्यास वॉरंटी रद्द होईल” असे लिहिलेले, या दोन गोष्टी मी मराठी उताऱ्यात वेगवेगळ्या शाईने लिहिणार आहे.

८ जून २०२४

अवशेष खिडकीजवळ नेऊन भिंगाखाली पाहिले. ऋण इलेक्ट्रोडचे टोक, जे पेन्सिलसारखे अणकुचीदार असायला हवे, ते बोथट होऊन त्यावर फुलकोबीसारखे बारीक फुगवटे आले आहेत. धन इलेक्ट्रोड जाड असतो, त्याच्या तोंडावर उथळ खळगा पडला आहे. ही दोन्ही झीज एवढ्या पेटवण्यांनंतर अपेक्षितच आहे. मला काळजी वाटली ती टोप्यांची. दोन्ही टोप्यांवरचा निकेलचा मुलामा मुळात चांदीसारखा असतो. आमच्या दोन्हींवर तो गवती पिवळा पडला असून काचेलगतच्या कडेला निळसर झाला आहे. धातूवर असा रंग उष्णतेनेच चढतो. टोपीचे तापमान ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ देऊ नये ही पत्रकातील सल्ल्याची नव्हे, अटीची ओळ आहे.

एकाच टोपीवर डाग आणि खड्डे असते तर तिथली जोडणी सैल होती असे म्हणता आले असते. दोन्हींवर सारखा रंग म्हणजे थंड हवा कमी पडली.

१० जून २०२४

बेळगावच्या उद्यमबागेतून रेक्टिफायर दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आले. तिथल्या फाउंड्री आणि वर्कशॉपमधली वेल्डिंगची यंत्रे ते सांभाळतात; कमी व्होल्ट आणि जास्त ॲम्पिअर हे दोन्हीकडचे तत्त्व एकच असल्यामुळे आमचा रेक्टिफायर त्यांना परका नव्हता. त्यांनी ऑसिलोस्कोप लावून प्रवाहातली लहर, म्हणजे त्यातला चढउतार, मोजली. पत्रकाची मर्यादा ५ टक्के आहे, आमची लहर ३.८ टक्के भरली. हा आकडा आमच्या बाजूने आहे आणि त्यांच्या सहीचा अहवाल अर्जाला जोडला आहे.

मग त्यांनी मुद्दाम एक फेज काढून दाखवली. तीन फेजवर चालणाऱ्या रेक्टिफायरची एक फेज गेली की लहर एकदम कित्येक पटींनी वाढते, पडद्यावर प्रकाश थरथरतो, आणि तशा अवस्थेत लॅम्प चालवत ठेवणे म्हणजे इलेक्ट्रोडवर हातोडी मारत राहण्यासारखे आहे. निपाणीत वादळी पावसाच्या रात्री एखादी फेज जाणे नवीन नाही. फेज गेल्यावर रेक्टिफायरची वीज आपोआप तोडणारा रिले आमच्या पॅनेलमध्ये बसवलेला आहे, पण तो दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तार जोडून बाजूला काढला होता, कारण तो “सारखा पडायचा”. आज तो पुन्हा जोडून घेतला.

११ जून २०२४

आज हवा मोजली. प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेत एक्झॉस्टमधून मिनिटाला ४५० घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे असे आहे. आमची नळी आठ इंच व्यासाची आहे. तिच्या तोंडाशी पंख्याचे वेगमापक धरले तर हवेचा वेग सेकंदाला ४.९ मीटर निघाला, म्हणजे मिनिटाला सुमारे ३३६ घनफूट. पाव हिस्सा हवा कमी.

फिल्टर बाहेर काढला तेव्हा कारण हातातच आले. निपाणी हे तंबाखूचे गाव. आमच्या मागच्या गल्लीत वखारी आहेत, आणि पोती हलवण्याच्या दिवसांत तपकिरी धूळ घराघरांत येते. फिल्टरच्या जाळीवर त्या धुळीचा गालिचा बसला होता. बोटाने ओढले तर सलग पापुद्रा निघाला आणि त्याला तंबाखूचा उग्र वास होता. मामांना शिंका आवरेनात. फिल्टर दर महिन्याला साफ करावा असे पुस्तिका सांगते; तो बेंगळुरूसारख्या शहरातल्या बंद केबिनसाठी योग्य असेल, निपाणीत दर आठवड्याला करावा लागेल. शिवाय छतावर नळीला घातलेला काटकोनी वळसा काढून तिथे अर्धगोल बाक बसवला. फिल्टर धुऊन आणि वळसा बदलून पुन्हा मोजले : ६.८ मीटर, म्हणजे सुमारे ४६७ घनफूट.

१३ जून २०२४

नवा रिफ्लेक्टर काल आला, आज बसवला. जानेवारीत प्रकाश कमी झाल्यामुळे काढून ठेवलेला १,३४० तासांचा जुना लॅम्प तात्पुरता लावला आणि अकराव्या दिवशी खेळ सुरू झाला. पावसाळ्यामुळे रोज दोनच खेळ ठेवले आहेत. पडद्याच्या मध्यावर साडेदहा फूट-लँबर्ट (पडद्यावरच्या उजेडाचे एकक) प्रकाश मिळतो. डिजिटल चित्रपटासाठी ठरलेले माप १४ आहे. मामांना प्रवाह वाढवून प्रकाश भरून काढायचा होता. जुना लॅम्प आधीच कमाल प्रवाहाच्या जवळ असल्यामुळे मी तो वाढवू दिला नाही.

१५ जून २०२४

आज अण्णांशी बराच वेळ बोलणे झाले. अर्जात “शीतन व्यवस्थेची शेवटची तपासणी” असा रकाना आहे. कमी भरलेली हवा त्यात लिहायची की नाही, हा प्रश्न होता. ओळखीच्या एका वितरकाने फोनवर सल्ला दिला होता की फक्त आत्ताचा ४६७ चा आकडा लिहावा, तपासणीची तारीख लिहूच नये. अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “टोप्या पिवळ्या पडल्यात त्या कशा धुणार?”

मी ३३६ आणि ४६७ हे दोन्ही आकडे तारखांसह लिहिले. त्यात माझा हिशेबही होता, तो लपवत नाही : इलेक्ट्रोड आणि टोप्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जाणारच आहेत, आणि तिथे ज्याचा उलगडा होईल ते आधी आम्हीच सांगितलेले असणे बरे. पण त्याहून मोठे कारण हे की, चुकीच्या माहितीवर मिळवलेला दावा ही फसवणूक आहे आणि आमच्या घराण्याने चाळीस वर्षे या गावात तिकिटे विकली आहेत.

१८ जून २०२४

अवशेष लाकडी खोक्यात, कापसात बांधून, अनुक्रमांकाची टोपी वर दिसेल अशा तऱ्हेने पाठवले. पावती फाइलला लावली.

२२ जून २०२४

दावा फेटाळला गेला तर पुढे काय, याचा अभ्यास करण्यासाठी बेळगावला वकिलांकडे गेले होते. टिपून घेतलेले मुद्दे पुढीलप्रमाणे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील व्याख्येनुसार व्यापारी हेतूसाठी वस्तू घेणारा “ग्राहक” ठरत नाही; अपवाद आहे तो केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी वस्तू वापरणाऱ्याचा. अण्णा स्वतःच तिकीट विकत आणि स्वतःच लॅम्प लावत असते तर अपवादात बसण्याचा युक्तिवाद करता आला असता. आमच्याकडे सात माणसे पगारावर आहेत आणि व्यवसाय भागीदारीचा आहे. हेतू व्यापारी आहे की नाही हे प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवरून ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सांगितले आहे, तरीही आमची बाजू तिथे दुबळी आहे असे वकिलांचे स्पष्ट मत पडले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचेच ठरले तर मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

दुसरा मार्ग मालविक्री अधिनियम, १९३० चा. या कायद्यात “अट” आणि “वॉरंटी” हे दोन वेगळे शब्द आहेत. अट मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी मोडली तर माल ठेवून नुकसानभरपाई मागता येते किंवा किमतीत तेवढी घट मागता येते. बाजारात गॅरंटी आणि वॉरंटी हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि कायद्याच्या दृष्टीने हातात पडते ते पत्रकावर लिहिलेले तेवढेच. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या करारात कायद्याने गृहीत धरलेल्या हमीही वगळता येतात, आणि आमच्या पत्रकाच्या शेवटच्या परिच्छेदात नेमके तेच केलेले आहे. हा दिवाणी मार्ग असून त्याला तीन वर्षांची मुदत आहे. बावीस हजारांसाठी तो धरण्यात अर्थ नाही, हे वकिलांनी फी घेण्याआधी सांगितले याबद्दल त्यांचे आभार मानते.

२९ जून २०२४

संकेश्वरच्या एका चित्रपटगृहाचे मालक आमच्या नोंदी पाहायला आले. त्यांच्याकडे लहान प्रोजेक्टर आहे आणि त्यात उच्चदाब पाऱ्याचे लॅम्प आहेत. त्यांच्या वॉरंटीत “९० दिवस किंवा ५०० तास, यांपैकी जे आधी होईल ते” असे आहे. रोज तीन खेळ असतील तर तास आधी संपतात, एकच खेळ असेल तर दिवस आधी संपतात. त्यांनी चार महिने चाललेल्या लॅम्पचा दावा कमी तासांच्या भरवशावर केला होता आणि तो दिवसांवर फेटाळला गेला. त्यांच्या लॅम्पमध्ये पारा असल्यामुळे फुटल्यास खोलीतून सगळ्यांना बाहेर काढून हवा खेळती करणे आवश्यक आहे, हेही त्यांच्यासाठी वेगळ्या कागदावर लिहून दिले.

१२ जुलै २०२४

जुन्या लॅम्पने आज १,५०० तास ओलांडले. यापुढे त्याची वॉरंटी नाही. पत्रकानुसार वॉरंटीच्या तासांच्या १२५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १,८७५ तासांपर्यंत, लॅम्प चालवता येतो आणि त्यानंतर चालवणे धोक्याचे आहे. नवा रिफ्लेक्टर आत असताना आम्ही तेवढा धोका पत्करणार नाही. १,७०० ला थांबायचे असे वहीवर लाल शाईने लिहिले आणि खाली मामांची व माझी सही घेतली.

२६ जुलै २०२४

घाटातल्या पावसाने वेदगंगा आणि दूधगंगेचे पाणी वाढले आहे, प्रेक्षक तुरळक आहेत. रात्री एक फेज गेली. रिलेने रेक्टिफायरची वीज लगेच तोडली. वेळ ९ वाजून ४० मिनिटे. वहीत नोंदले.

२ ऑगस्ट २०२४

कंपनीचे उत्तर आले. ते दीड पानाचे आहे आणि मला ते प्रामाणिक वाटले. प्रयोगशाळेच्या मते रेक्टिफायरची लहर मर्यादेत होती, अनुक्रमांक व तास मान्य आहेत, आणि फोटो ग्राह्य धरलेला आहे. मात्र दोन्ही टोप्यांवर अतितापाच्या खुणा असल्यामुळे शीतनाची अट पाळली गेली नाही असे ते म्हणतात, आणि त्या कारणाने दावा नियमानुसार अमान्य आहे. शेवटच्या परिच्छेदात असे आहे की, अर्जदाराने हवेची कमतरता स्वतःहून मोजून कळवली व दुरुस्त केली हे लक्षात घेऊन, प्रमाणानुसार येणाऱ्या रकमेच्या निम्मी, म्हणजे ११,२८० रुपये, पुढील लॅम्पच्या खरेदीत सवलत म्हणून देण्यात येईल. रिफ्लेक्टरबाबत काहीही देय नाही.

सोबत एक मान्यतापत्र आहे. त्यावर सही केल्यास हा “पूर्ण व अंतिम” निपटारा समजला जाईल आणि या लॅम्पबाबत पुढे कोणताही दावा करता येणार नाही. हे वाक्य मी वकिलांना फोनवर वाचून दाखवले. सही केल्यावर मागे फिरता येणार नाही, एवढेच त्यांनी सांगितले.

५ ऑगस्ट २०२४

अण्णा, मामा आणि मी केबिनमध्ये बसून ठरवले की सही करायची. हवा पाव हिस्सा कमी होती ही आमची चूक आहे, आणि ती किती महिने होती हे आम्हाला सांगता येत नाही, कारण वेगमापक आम्ही जूनमध्ये पहिल्यांदा हातात घेतले. मामांना मात्र एक गोष्ट पटली नाही : विकणाऱ्याने लॅम्प बसवून देताना टोप्यांच्या तापमानाविषयी किंवा फिल्टरविषयी एक शब्दही काढला नव्हता. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पुढच्या खरेदीच्या ऑर्डरमध्ये मी अशी ओळ टाकली आहे की, वॉरंटीच्या सर्व अटी मराठीत व कन्नडमध्ये लेखी मिळाल्याशिवाय माल स्वीकारला जाणार नाही. विक्रेत्याने ती मान्य करून सही केली, आणि अनुवाद मीच करून द्यावा अशी विनंती केली. केला.

६ ऑगस्ट २०२४

भिंतीवर लावायचा कागद तयार झाला. अटी काळ्या शाईत, सल्ले निळ्या शाईत. मामांनी वाचून दोन शब्द बदलायला लावले : मी “धारा” लिहिले होते तिथे “करंट”, आणि “शीतन” लिहिले होते तिथे “ब्लोअरची हवा”. कन्नड कागद त्यांच्या हाताखालच्या मुलाने स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिला.

१२ ऑगस्ट २०२४

नवा लॅम्प आला. वाहतुकीत झालेली फूट वॉरंटीत धरली जात नाही आणि ती दोन दिवसांत कळवावी लागते, म्हणून वाहतूकवाल्याला थांबवून त्याच्यासमोरच खोके उघडले. मुखवटा, कातडी जाकीट, हातमोजे, आणि बसवून होईपर्यंत लॅम्पवरचे संरक्षक कवच तसेच. काचेला बोट लागू दिले नाही. तरीही स्पिरिटच्या फडक्याने ती एकदा पुसली, कारण बोटाचा तेलकट ठसा उष्णतेत काचेत भाजला जातो आणि तिथून काच कमजोर होते. दोन्ही टोप्या चांदीसारख्या स्वच्छ आहेत, त्यांचे जवळून फोटो काढले.

जुना लॅम्प १,६६८ तासांवर काढला. मापक शून्यावर आणला आणि शून्य दिसतानाचा फोटो मामांच्या आणि माझ्या, दोन्ही फोनमध्ये घेतला. पेटवण्याची मोजणीही शून्य. नळीच्या तोंडाशी वेग ६.७. प्रवाह कमालच्या ८० टक्क्यांवर ठेवून पहिला खेळ सुरू केला. पडद्याच्या मध्यावर १४.२ फूट-लँबर्ट. मध्यंतरात मामांचा हात सवयीने स्विचकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला.

रात्री वहीत पहिली ओळ त्यांनीच लिहिली : पेटवणी १, तास ५.६, फिल्टर साफ, तीन फेज ठीक.